सभासदांचे प्रदर्शन आणि दक्षिण कोकणची चित्रपरंपरा

कलासंस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांचे परीक्षण लिहिण्याची आपल्याकडे एक ठराविक रीत पडून गेली आहे. भिंतीवरील क्रमाने जावे, दहापाच नावांपुढे ‘आश्वासक’, ‘सफाईदार’ अशी विशेषणे ठेवावीत आणि अखेरीस संस्थेच्या वयाचा गौरव करावा. परंतु प्रदर्शन हा स्वतःच एक कलाव्यवहार आहे, त्याचे नियम चित्राच्या रूपावर संस्कार करतात, हा विचार या रीतीत सहसा शिरत नाही. तो करावयाचा झाल्यास सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या कार्यापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल.

हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण झाल्यावर त्यांनी १९०८ साली स्वतःची चित्रशाळा काढली आणि १९१८ साली काही सहकाऱ्यांसह ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. त्यापूर्वी मुंबईत १८८८ पासून ‘बॉम्बे आर्ट सोसायटी’ होतीच. पण तिच्यावर दीर्घकाळ युरोपीय अधिकाऱ्यांचे व हौशी मंडळींचे वर्चस्व होते. चित्रकारांच्या चित्रांची निवड चित्रकारांनीच करावी, ही नव्या संस्थेमागील भूमिका न्याय्य होती. शंभर वर्षांचा टप्पा ओलांडूनही ही संस्था टिकून आहे, याचे श्रेय त्या भूमिकेला दिले पाहिजे.

तथापि निवडणारे बदलले म्हणून निवडीचा साचा बदलतोच असे नाही. चौकटीतील एकटे चित्र, त्याखाली कर्त्याचे नाव, यादीतील क्रमांक आणि किंमत, ही मांडणी नव्या संस्थेने जुन्या संस्थेकडून जशीच्या तशी उचलली. शेजारच्या दहा चित्रांतून पाहणाऱ्याची नजर आपल्याकडे खेचून घेणे हे अशा ठिकाणी प्रत्येक चित्राचे पहिले काम होऊन बसते. त्यामुळे एका दृष्टिक्षेपात पटणारे कौशल्य, म्हणजे वस्त्राचा पोत, त्वचेवरील प्रकाश, भांड्यावरील चकाकी, यांस साहजिकच चढती किंमत येते. हा दोष व्यक्तींचा नव्हे, साच्याचा आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह गटाने या सफाईविरुद्ध बंड केले खरे, पण १९४९ चे त्यांचे प्रदर्शन भरले ते बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच दालनात. बंडखोरांनाही भिंत, चौकट आणि यादी यांच्यापलीकडचे काही सुचले नाही.

हळदणकरांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे १९४५–४६ च्या सुमाराचे, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील दीपधारिणी स्त्रीचे जलरंगचित्र. त्यांची कन्याच त्यासाठी उभी राहिली होती. विषय गोडसर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दिवा घेतलेली स्त्री म्हटले की अर्धे काम प्रेक्षकाच्या मनातील भावनाच करून टाकते. परंतु कारागिरीचा विचार करता अभिप्राय सावधपणे द्यावा लागतो. पारदर्शक जलरंगात उजेड हा रंगविता येत नाही. कोऱ्या कागदाचा पांढरेपणा राखून तो मिळवावा लागतो, आणि एकदा चुकलेला हात तैलरंगाप्रमाणे वरून झाकता येत नाही. ज्योतीवर धरलेल्या तळव्याच्या बोटांतून पाझरणारी तांबूस प्रभा, तिचा चेहऱ्यावर पडलेला मंद अंश आणि मागील भिंतीवरची सावली ही सर्व या अटीत साधलेली आहेत. येथे कौशल्य हे प्रदर्शनी आकर्षण न राहता चित्राचा आशयच झाले आहे. उजेड राखणे हीच चित्रातील स्त्रीची कृती आणि तीच चित्रकाराचीही. गंमत अशी की हे चित्र अनेकजण आजही राजा रविवर्म्याचे समजतात. ज्या व्यवस्थेत कर्त्याच्या नावाला एवढे महत्त्व, त्याच व्यवस्थेतील एका संस्थापकाचे नाव त्याच्या सर्वपरिचित कृतीपासून सुटून गेले!

आता हळदणकरांच्याच मुलखाकडे वळू. सावंतवाडीचे चितारी लाखेच्या रंगकामात वाकबगार होते. त्यांच्या दशावतारी गंजिफेत दहा रंगांची प्रत्येकी बारा, म्हणजे एकशेवीस गोल पाने असतात. ही चित्रे हातात घेऊन, पंख्यासारखी पसरून, खेळताना पाहावयाची. तेथून जवळच, कुडाळनजीकच्या पिंगुळीस, ठाकर समाजातील चित्रकथींच्या पोथ्या आहेत. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने वाढलेल्या या परंपरेत दोन चित्रे पाठीस पाठ लावून चिकटविलेली असतात. कथेकरी एक पान उभे धरतो, वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील तेवढा प्रसंग गातो, मग पान उलटतो. एका वेळी एकच चित्र दिसते आणि ते किती वेळ दिसावे हे कथा ठरविते. त्या चित्राला शेजाऱ्याशी स्पर्धा करावयाची नसते. म्हणून त्यातील माणसे एकचष्मी, मोठ्या डोळ्यांची, ठसठशीत रेषेची असली तरी चालते. छायाप्रकाशाची उणीव तेथे उणीव ठरत नाही, कारण उरलेले काम आवाज करीत असतो.

सभासदांच्या यादीत या चिताऱ्यांना व चित्रकथींना जागा नव्हती. कुणी मुद्दाम दार लावले म्हणून असे झाले असे नव्हे. क्रमांक, नाव, किंमत या रकान्यांत बसेल असे त्यांच्याजवळ काही नव्हते. एकशेवीस पानांपैकी कोणते भिंतीवर टांगावयाचे? याचा परिणाम असा झाला की ‘कोकणचा चित्रकार’ म्हटले की मुंबईस जाऊन पदक मिळविणारा, एवढाच अर्थ रूढ झाला, आणि घरी राहिलेल्यांची कला ‘हस्तव्यवसाय’ या सदरात गेली.

अलीकडे हे चित्र पालटत आहे. १९७० नंतरच्या काळात सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात गंजिफेच्या कामाचे पुनरुज्जीवन केले. पिंगुळीत २००६ साली ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभे राहिले आणि त्यामागे असलेल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या गौरवात एक अडचणही दडलेली आहे. चित्रकथीचे एखादे पान आज शहरांतील भिंतींवर काचेखाली लागते, तेव्हा त्याची पाठ, म्हणजे कथेचा पुढचा प्रसंग, भिंतीकडे तोंड करून राहते. प्रेक्षक रेषेची तारीफ करून पुढच्या चौकटीकडे सरकतो. जिल्ह्यातील जी कलामंडळे आपल्या सभासदांची वार्षिक प्रदर्शने भरवितात, त्यांनी एखाद्या वर्षी एक भिंत मोकळी ठेवून त्या जागी संध्याकाळी पोथी उघडावयास हरकत नसावी. शेजारी टांगलेल्या जलरंगांकडे त्या रात्री लोक कसे पाहतात, याची नोंद आमच्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने जरूर ठेवावी.