चित्राची कड व पाहणाऱ्याची नजर

चित्रांतील एकहि रेघ न बदलतां केवळ कडा छाटून त्याचा अर्थ कसा फिरवितां येतो, याचें रेम्ब्रांटच्या ‘रात्रीचा पहारा’ या चित्राइतकें ठळक उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. हें चित्र १६४२ सालीं अॅम्स्टरडॅम येथील नगररक्षक बंदूकधाऱ्यांच्या सभागृहासाठीं तयार झालें. १७१५ सालीं तें नगरगृहांत नेलें, तेव्हां दोन दरवाजांमधील भिंतीवर बसेना म्हणून चारी बाजूंनीं कापलें. डावीकडचा पट्टाच सुमारें ६० सेंटिमीटर गेला, व त्याबरोबर दोन पुरुष आणि एक मूल. (नांवहि असेंच मागाहून चिकटलें आहे. प्रसंग दिवसाचा, व्हार्निश काळवंडलें म्हणून लोकांनीं रात्र मानली.)

तीन आकृति गेल्या, ही आमच्या मतें लहान हानि होय. कप्तान बानिंग कॉक व त्याचा दुय्यम हे मूळ चित्रांत मध्यापासून उजवीकडे होते. डावीकडे मोकळी जागा होती, त्यामुळें पथक आतांच चालूं लागलें आहे असें भासे. कापल्यावर दोघेहि मध्यावर येऊन उभे राहिले आणि चाल थांबली. नजर वळविणें चित्रकारासहि हवेंच असतें. कप्तानाचा काळा पोषाख, शेजारीं दुय्यमाचा पिवळा, त्यावर कप्तानाच्या हाताची पडलेली सावली, मागें कमरेस कोंबडी टांगलेली ती उजळ मुलगी, ही सर्व योजना रेम्ब्रांटची. मध्य मात्र भिंतीच्या मापानें ठरला.

लुंडेन्स यानें केलेली लहान नक्कल शिल्लक राहिली नसती तर हें कळलेंहि नसतें. तिच्या आधारें २०२१ सालीं राइक्स संग्रहालयानें संगणकास रेम्ब्रांटची शैली शिकवून गेलेले भाग तयार केले, ते मूळाभोंवतीं कांहीं महिने मांडले व पुन्हा काढून घेतले. मूळास हात न लावतां, नवें तें नवें म्हणून सांगून केलेला हा प्रयोग आम्हांस स्तुत्य वाटतो. तोच जोडलेला देखावा सांधा न दाखवितां कोणी छापील, तर मात्र तें दुसरें छाटणेंच.

आमच्या संग्राहकांनीं परक्यांस हंसूं नये. पत्राचें छायाचित्र घेतांना समास कापणें, कागद संगणकावर पांढराशुभ्र करून शाई गडद करणें, हें आतां सर्रास चालतें. वाचकाची नजर अक्षरांवर जाते खरी. पण पाण्याची रेघ, खोडलेलें अक्षर, घडीची खूण हीं त्या शुभ्रतेंत बुडतात. पत्राचा अस्सलपणा पुष्कळदां यांवरच तोलावयाचा असतो. संपादकानें निदान कागदाचें माप द्यावें, काय उजळलें व काय कापलें तें चित्राखालीं लिहावें, आणि पाठीची बाजूहि छापावी. नाहींतर शेवटीं मोर्तब होतें कीं नव्हतें, पाठीवर ‘बार’चा शेरा होता कीं काय, हें विचारण्यास वाचकानें पुन्हा मूळ दप्तराकडेच जावयाचें.