विराटपर्व व पर्जन्य : एका वाचनप्रथेचें परीक्षण

पर्जन्य लांबला म्हणजे महाभारतांतील विराटपर्व लावावें, अशी चाल कर्नाटक, आंध्र व तामिळ ह्या प्रांतांत पुष्कळ दिवसांपासून आहे. कानडी मुलुखांत कुमारव्यासाच्या भारतांतील हें पर्व गमकी गाऊन वाचतात. तेलुगु लोक तिक्कनाचें वाचतात. तामिळ देशांत तेरुक्कूत्तु नांवाच्या रात्रभर चालणाऱ्या खेळांतही पावसासाठीं विराटपर्वाचाच खेळ मागतात. गांवांत वाचणारा नसला तर तो परगांवाहून आणवावा लागतो. त्या बिचाऱ्यास शिधा व दक्षिणा मिळते खरी, परंतु सात-आठ दिवस सारा गांव त्याच्या तोंडाकडे आणि आभाळाकडे आळीपाळीनें पाहत असतो. पाऊस आला तर पर्वाचा महिमा. न आला तर वाचण्यांत कांहीं चुकलें असा बोभाटा. अशा आमंत्रणास पुष्कळ पुराणिक आढेवेढे घेतात, त्यांत नवल नाहीं.

ह्या प्रथेविषयीं दोन मतें आमच्या पाहण्यांत वारंवार येतात. एक म्हणतें, ही शुद्ध अंधश्रद्धा असून ग्रंथांत तिला कांहींच आधार नाहीं. दुसरें म्हणतें, व्यासवाणीच्या उच्चारांतच पर्जन्य ओढून आणण्याची शक्ति आहे, अर्थाचा विचार करण्याचें कारण नाहीं. दोन्ही पक्षांनीं मूळ पर्व उघडून पाहिलेलें दिसत नाहीं, असें आम्हांस नम्रपणें म्हणावें लागतें.

प्रथेचें मूळ गोग्रहणाच्या पूर्वीच्या एका प्रसंगांत आहे. तेराव्या वर्षीं पांडव अज्ञातवासांत असतां दुर्योधनाचे हेर रिकाम्या हातीं परत येतात. वर्ष संपण्यापूर्वीं पांडव ओळखले गेले तर त्यांस पुनः बारा वर्षें अरण्यांत जावयाचें आहे. त्या सभेंत भीष्म सांगतात कीं, युधिष्ठिर ज्या देशांत राहत असेल तेथें पाऊस वेळच्या वेळीं पडेल, धान्य रसाळ असेल, गाई पुष्कळ व पुष्ट असतील, माणसें गोड बोलणारीं व निर्मत्सर असतील. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तींतील डॉ. रघुवीर ह्यांनीं संपादिलेलें विराटपर्व १९३६ सालीं प्रसिद्ध झालें. त्या संहितेंतही हें भाषण कायम आहे. तेव्हां मागाहून कोणा पुराणिकानें दक्षिणेच्या लोभानें तें घुसडलें, ही शंका टिकत नाहीं. दाक्षिणात्य पाठांत हें पर्व उत्तरेच्या मानानें पुष्कळच वाढलेलें आहे हें खरें; आणि ज्या प्रांतांत तें पावसासाठीं वाचतात त्याच प्रांतांतील पोथ्यांत तें वाढावें, ह्यांत श्रोत्यांच्या आग्रहाचा कांहीं भाग असावा असा आमचा तर्क आहे. पण वाढ निराळी आणि मूळ निराळें.

आतां ह्या भाषणाचा रोख नीट पाहिला पाहिजे. पावसाचें वर्णन येथें फलश्रुति म्हणून आलेलें नाहीं. तें खूण म्हणून आलेलें आहे. ज्या पावसावर मत्स्यदेशाचीं शेतें पिकावयाचीं, तोच पाऊस त्या देशांत लपलेल्या परक्या माणसाचा ठावठिकाणा शत्रूस सांगणारा आहे. आश्रय देणाऱ्या गांवाचें कल्याण व्हावें, आणि त्या कल्याणानेंच आश्रिताचा घात व्हावा, असा हा विलक्षण पेंच आहे. ग्रंथकार प्रामाणिक आहे; दुर्योधनानें ह्या खुणेवरूनच मत्स्यदेश हेरला असें तो म्हणत नाहीं. मत्स्यांवर चाल करण्याची मसलत त्रिगर्ताचा सुशर्मा देतो, आणि त्याचें कारण कीचकाचा मृत्यु हें आहे. तथापि भीष्मांनीं सांगितलेल्या पुष्ट गाईच पुढें साठ हजारांच्या संख्येनें हांकून नेल्या जातात, हा योग आम्हांस केवळ यदृच्छेचा वाटत नाहीं.

शिवाय त्या गाई पुष्ट कां होत्या, ह्याचें एक साधें कारणही पर्वांत आहे. गाईंची निगा सहदेवाकडे होती, आणि तो त्या कामांत निष्णात होता! पाहुणा आला आणि आभाळ फाटलें, एवढेंच व्यासांस सांगावयाचें नाहीं. हे सहा जण विराटाच्या घरीं खपत आहेत: कोणी स्वयंपाकघरांत, कोणी पागेंत, कोणी गोठ्यांत, कोणी राणीच्या केशरचनेंत, कोणी मुलींस नाचगाणें शिकविण्यांत. आणि प्रत्येकाचा प्रवेश एका कथेच्या आधारानें झालेला आहे. युधिष्ठिर म्हणतो, मी कंक नांवाचा ब्राह्मण, पूर्वीं युधिष्ठिराचा सखा होतों. अशी अर्धी खरी, अर्धी रचलेली गोष्ट सांगून हीं परकीं माणसें त्या राज्यांत राहतात. रक्षण करण्याचें काम त्यांनीं मागून घेतलेलें नाहीं. तें त्यांच्यावर येऊन पडतें.

गवळ्यांचा मुख्य धांवत येऊन राजपुत्र उत्तरापुढें गाऱ्हाणें करतो, तो भाग मोरोपंतांच्या आर्यांमुळें आपल्याकडे घरोघर माहीत आहे. शाळेंत तो शिकवितांना उत्तराच्या बढाईस मुलें पोट धरून हसत. बृहन्नडेकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नसे. वस्तुतः प्रसंगाचें मर्म तिच्या नाखुषींत आहे. सारथ्याची शक्ति माझ्या अंगीं कोठली, गाणें असेल, नाच असेल तर सांगा, असा तिचा सूर आहे. ती कवच उलटें अंगावर घेते आणि मुली हसतात. हा विनोद आहे खरा. पण हसणाऱ्या त्या मुलींचें रक्षण जो करणार तो स्वतः उघडकीस येण्याच्या काठावर उभा आहे, हें ध्यानांत घेतल्यावर हसूं तितकें मोकळें राहत नाहीं.

परंतु आमच्या मतें ह्या पर्वाचा कळस गोग्रहणांत नाहीं. तो द्यूताच्या पटावर आहे. पुत्र जिंकला ह्या वार्तेनें हर्षलेला विराट कंकास फांसे टाकावयास बसवितो आणि पुत्राची स्तुति करूं लागतो. कंक म्हणतो, बृहन्नडा ज्याचा सारथि तो कां न जिंकेल? राजा रागावतो, कंक तेंच पुनः म्हणतो, आणि राजा त्याच्या तोंडावर फांसा फेंकून मारतो. नाकांतून रक्त वाहूं लागतें. तें जमिनीवर पडण्यापूर्वीं युधिष्ठिर ओंजळींत धरतो. सैरंध्री त्याच्या दृष्टीची खूण ओळखून पाण्यानें भरलेलें सुवर्णपात्र पुढें करते. युद्धावांचून युधिष्ठिराचें रक्त काढणारास अर्जुन जिवंत सोडणार नाहीं, म्हणून बृहन्नडेस आंत सोडूं नको असें तो द्वारपालाच्या कानांत सांगतो. मागाहून विराट क्षमा मागतो, तेव्हां युधिष्ठिर म्हणतो कीं क्षमा केव्हांच झाली. मात्र हें रक्त भूमीवर पडतें तर तुझा राष्ट्रासह नाश होता.

येथें कंकाचा अपराध काय? जें घडलें तें त्यानें खरें सांगितलें, इतकाच. राज्याचें रक्षण कोणी केलें ही गोष्ट सांगतांना तो मार खातो, आणि मार खात असतांही त्याच राज्यास आपल्या रक्तापासून वांचवितो. ज्याच्या वसतीनें पाऊस पडतो असें भीष्म म्हणतात, तो पुरुष कोणत्या जातीचा आहे हें ह्या एका प्रसंगानें जितकें कळतें तितकें कोणत्याही स्तुतीनें कळत नाहीं. ही वाचनप्रथा ज्यांनीं प्रथम घातली त्यांचा हेतु, पर्व वाचीत असेपर्यंत युधिष्ठिर आपल्या गांवीं राहावयास येतो, असा असला पाहिजे. ह्या हेतूस अंधश्रद्धा म्हणून झिडकारणें आम्हांस उतावीळपणाचें वाटतें. आमचा आक्षेप निराळा आहे. कांहीं गांवीं पर्जन्य न आल्यास परगांवच्या पुराणिकास बोल लावितात, त्याची दक्षिणा कापतात. म्हणजे जें पर्व ऐकावयास बसले त्यांतील विराटाचेंच काम स्वतः करतात. भीष्मांनीं सांगितलेल्या खुणांत निर्मत्सर व गोड बोलणारीं माणसें हीही एक खूण आहे, ती गांवकऱ्यांनीं आपल्याकडे लावून पाहिली पाहिजे.

पावसासाठीं परका माणूस आणण्याची दुसरी प्रसिद्ध कथा वनपर्वांत ऋष्यशृंगाची आहे. शृंगेरीजवळ किग्गा येथें त्याच्या नांवाच्या देवस्थानीं आजही पर्जन्यासाठीं प्रार्थना होते. परंतु अंगराज लोमपादानें त्या भोळ्या मुनिपुत्रास गणिकांकरवीं नावेंतून फसवून आणिलें. तो आला आणि पाऊस पडला. तेथें पाहुणा केवळ साधन आहे, त्यास कांहीं ठाऊकही नाहीं. दोन्ही कथा पावसाच्या म्हणून एकाच मापानें मोजणें योग्य नव्हे.

विराटनगर कोठलें, हा वाद इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. जयपूरजवळचें बैराट, जेथें अशोकाचा लेख सांपडला, त्याचा पक्ष सर्वांत बळकट. पण गुजराथेंत धोळका, आपल्याकडे वाई, आणि धारवाडकडील हनगल हींही तो मान सांगतात. हनगलास तर जुन्या शिलालेखांत विराटकोट व विराटनगरी अशीं नांवें आहेत. ह्यांतील खरें एकच असणार हें सांगावयास पंडित नको. इतक्या गांवांस तो मान हवासा कां वाटला, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे, आणि वरील विवेचनांत त्याचें उत्तर अंशतः तरी मिळतें असें आम्हांस वाटतें.

राहतां राहिला महाराष्ट्र. मुक्तेश्वराच्या भारताचीं जीं पांच पर्वें उपलब्ध आहेत त्यांत विराटपर्व आहे; श्रीधराचा शके १६३४ चा पांडवप्रताप तर गांवोगांव वाचला जाई. ह्या ग्रंथांच्या जुन्या हस्तलिखितांत, विशेषतः सोलापूर, सांगली व कोल्हापूर ह्या कानडी सीमेलगतच्या भागांतील पोथ्यांत, वाचन कोणत्या तिथीस व कशासाठीं केलें ह्याचे उल्लेख शेवटच्या पानावर किंवा समासांत असल्यास ते उतरून घेतले पाहिजेत. ज्यांच्या संग्रहीं अशा पोथ्या असतील त्यांनीं ह्या त्रैमासिकाकडे नकला पाठवाव्या. मजकुराबरोबर पोथीचा लेखनशक व गांवाचें नांव अवश्य द्यावें.