चारचौघांतला यंत्रमानव

कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि त्याबरोबर 'रोबोट' हा शब्द जगभर गेला. चापेक यांना तो त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचविला होता. चेक भाषेतील 'रोबोटा' म्हणजे वेठ. कुळाने जमीनदाराच्या शेतावर सक्तीने द्यावयाचे श्रम. मराठीने या शब्दासाठी 'यंत्रमानव' हा पर्याय रूढ केला आणि या भाषांतरात वेठ नाहीशी झाली. उरले ते यंत्र आणि मानव, म्हणजे एक तात्त्विक कोडे. व्युत्पत्तीचा कोणताही दावा न करता असे म्हणता येईल, की आपल्याकडे 'राबणे' हे क्रियापद होते, 'वेठबिगार' होता, महार वतनातील राबणूक होती. तरीही आपण ज्या शब्दाची निवड केली त्यात काम कोण करते हा प्रश्न मागे पडून 'हा माणूस आहे काय' हा प्रश्न पुढे आला. मराठी विज्ञानकथेतील यंत्रमानवाच्या चित्रणाची मर्यादा या निवडीशी जोडलेली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही मर्यादा कोणती? आपल्या विज्ञानकथेतील यंत्रमानव सहसा एकाकी असतो आणि त्याच्यासमोर उभा असलेला माणूसही एकाकी असतो. प्रयोगशाळा, निर्माता, निर्मिती आणि त्या दोघांतील आज्ञा व अवज्ञा यांचा ताण, एवढ्यावर कथनाची इमारत उभी राहते. या घडणीवर आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह यांची छाया आहे. त्यांनी १९४२ साली मांडलेले यंत्रमानवाचे तीन नियम एकवचनी आहेत: एक यंत्रमानव, त्याने इजा करू नये असा एक माणूस, त्याने पाळावी अशी आज्ञा. पुढे १९८५च्या कादंबरीत त्यांनी या तिन्हींच्या वर एक 'शून्यावा' नियम बसविला आणि त्यात एका माणसाच्या जागी अखिल मानवजात आणली. एक माणूस आणि अखिल मानवजात यांच्या मधला सगळा प्रदेश मात्र रिकामाच राहिला. कुटुंब, गाव, जात, फड, पंगत, मोर्चा हे सारे त्या रिकाम्या प्रदेशात येते. दोन माणसांनी परस्परविरोधी आज्ञा दिल्या तर यंत्रमानवाने कोणाचे ऐकावे, हा प्रश्न अ‍ॅसिमॉव्ह यांच्या चौकटीत तर्काचा ठरतो. आपल्या समाजात तो मानपानाचा ठरेल.

या दृष्टीने जयंत नारळीकर यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी पुन्हा वाचण्यासारखी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा लिहिणाऱ्या नारळीकरांचे मे २०२५मध्ये निधन झाले. त्यानंतर झालेल्या लेखनात त्यांच्या वैज्ञानिक दृष्टीचा गौरव पुष्कळ झाला, त्यांच्या प्रतीकयोजनेकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. उत्खननात सापडलेल्या एका लुप्त संस्कृतीच्या ज्ञानठेव्यातून घडविलेला बुद्धिमान यंत्रमानव हा या कादंबरीचा केंद्रबिंदू, आणि तो आपल्यासारखे आणखी निर्माण करू शकेल काय यात तिचा धोका. म्हणजे एकटा वामन सुसह्य आहे. वामनांचा समूह असह्य आहे. कादंबरीला भय वाटते ते यंत्राच्या बुद्धीचे नव्हे, त्याला गणगोत मिळण्याचे.

शिवाय नाव वामन. पुराणातील वामन बटूच्या रूपाने बळीच्या यज्ञात येतो. म्हणजे भरल्या सभेत येतो, आणि तीन पावले मागतो. लहान दिसणारा याचक क्षणात सारे व्यापतो हा अर्थ कादंबरीला अभिप्रेत आहे व तो समर्पकही आहे. परंतु मराठीत या मिथकाचे दुसरे वाचन जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) केले. तेथे बळी हा रयतेचा राजा आणि वामन हा त्याचे राज्य घेणारा आक्रमक ठरतो. दिवाळीला बळीच्या राज्याची कामना करणारा शेतकरी समाज याच बाजूचा. तेव्हा 'वामन परत न आला' या शीर्षकातील सुटकेचा निःश्वास नेमका कोणाचा? शास्त्रज्ञांचा, की बळीच्या प्रजेचा? कादंबरी पहिल्याच उत्तरावर थांबते, कारण तिच्यात बळीच्या प्रजेला जागा नाही. चापेक यांच्या नाटकात ही जागा आहे. तेथे बंड करणारे यंत्रमानव एका वर्गासारखे वागतात. सगळी माणसे मारतात आणि अल्क्विस्ट या एकाच माणसाला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखाच हातांनी काम करतो. समूहात कोण आपला आणि कोण परका हे तेथे श्रमावरून ठरते.

प्रत्यक्ष व्यवहाराकडे पाहिले तर समूह हाच कसोटीचा मुद्दा असल्याचे दिसते. जपानमधील ओसाका येथील एका व्यापारी संकुलात फिरणाऱ्या यंत्रमानवाचा मुलांनी कसा छळ केला याचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मुले घोळक्याने असली आणि मोठी माणसे जवळ नसली की वाट अडविणे, लाथा मारणे, अपशब्द वापरणे वाढे. संशोधकांनी काढलेला उपाय मोठा मार्मिक आहे: यंत्राने मुलांचा घोळका ओळखून उंच माणसांच्या, म्हणजे मोठ्यांच्या, दिशेने सरकावे. यंत्राला शिकविले गेले ते नीतिशास्त्र नव्हे. वडीलधाऱ्यांच्या आडोशाला जाणे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, लोकांच्या गाड्यांतून फुकट प्रवास करीत कॅनडा पार केलेल्या 'हिचबॉट'ची फिलाडेल्फियात मोडतोड झाली. त्याला स्वतः चालता येत नव्हते. तो सर्वस्वी अनोळखी माणसांच्या भलेपणावर सोडलेला होता.

आपल्याकडील उदाहरण अधिक जवळचे. जून २०२०मध्ये महासाथीच्या काळात पुणे रेल्वेस्थानकावर रेल्वे सुरक्षा दलाने 'कॅप्टन अर्जुन' नावाचा यंत्रमानव उभा केला. प्रवाशांचे तापमान मोजणे, ते जास्त असल्यास इशारा देणे, कॅमेऱ्याने नजर ठेवणे ही त्याची कामे. तो गर्दीत उभा होता, परंतु गर्दीतला नव्हता. नावात हुद्दा आणि क्षत्रिय वीर दोन्ही होते. त्याच यंत्राला झाडूवाल्याचे नाव कोणी दिले असते काय? जमिनीवर जंतुनाशक फवारण्याची सोयही त्यात होती, म्हणून हा प्रश्न निव्वळ खोडसाळ नाही.

मराठी परंपरेत अमानवी सहभागीला समूहात आणण्याच्या कथा आहेत, आणि त्या विज्ञानकथाकारांनी वापरल्या नाहीत याचे नवल वाटते. पैठणच्या रेड्याची आख्यायिका घ्या. रेडा वेद बोलतो हा चमत्कार. पण कथेचा पेच वेगळा आहे. बोलणे कोणाचे ग्राह्य हे ठरविणारी सभा तेथे बसलेली आहे, आणि रेडा बोलल्याने रेड्याचे स्थान बदलत नाही, बहिष्कृत भावंडांचे बदलते. रेड्याचे पुढे काय झाले हे लोकांच्या स्मरणात राहिले ते आळे येथील समाधीच्या रूपाने. जनाबाईच्या परंपरेत तर याहून मोठी झेप आहे. गंगाखेडची ही दासी नामदेवांच्या घरी दळते, आणि विठ्ठल तिच्यासोबत जात्याला हात लावतो. राबण्याच्या जागी कोणी तरी सोबतीला येतो. तो मालक नाही, नोकरही नाही. सहश्रमाची ही कल्पना 'यंत्रमानव' या शब्दात मावत नाही.

नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील कनेरगाव नाका हे गाव कथाकारासाठी प्रयोगशाळेपेक्षा अवघड स्थळ ठरेल. हिंगोली–वाशीम रस्त्यावरचे, मराठवाड्याच्या कडेचे, पलीकडे वऱ्हाड. नाका म्हणजे थांबविण्याची, विचारण्याची, ओळख पटविण्याची जागा. तेथे यंत्रमानव आणून उभा केला तर पहिला प्रश्न त्याच्या बुद्धीबद्दल येणार नाही. कोणाचा आहे, कोणी पाठविला, कोणाचे काम गेले, हे विचारले जाईल. मग कोणी त्याला टोपणनाव देईल, कोणी त्याच्या तोंडी शिवी घालून पाहील, आणि पोरे मागे लागतील.

'कोणाचे काम गेले' हा प्रश्न मात्र सर्वत्र सारखा नाही. केरळमधील 'जेनरोबोटिक्स' या संस्थेने गटारांची सफाई करणारे 'बँडिकूट' यंत्र २०१८पासून वापरात आणले. बँडिकूट म्हणजे घूस. मैल्यात माणूस उतरविण्यास कायद्याने २०१३ साली बंदी घातली असली तरी उतरणाऱ्यांचे मृत्यू थांबलेले नाहीत, आणि उतरणारे कोणत्या जातींचे हे सांगण्याची गरज नाही. या यंत्राभोवती उभ्या असलेल्या माणसांत पूर्वी स्वतः खाली उतरलेला कामगार यंत्रचालक म्हणून उभा असेल, तर त्याच्या आणि त्या घुशीच्या नात्याला वेठीतून सुटलेल्याचे आणि वेठीला लागलेल्याचे नाते म्हणावे लागेल. दया पवार यांच्या 'बलुतं'नंतरच्या (१९७८) मराठी गद्यात या अनुभवाची भाषा तयार आहे. विज्ञानकथेने तिकडे अद्याप पाहिलेले नाही, आणि दलित गद्यानेही यंत्राकडे पाहिले आहे ते बहुधा गिरणीच्या भोंग्यापर्यंत.