शिंपला ओळखावा कसा?

शाळेच्या प्रयोगशाळेत नाव नसलेले शिंपले बरणीत वर्षानुवर्षे पडून असतात. त्यांना नाव द्यायचे, तर हाताशी घ्यावे असे एक पुस्तक : एन. व्ही. सुब्बा राव यांचे भारतातील गोड्या पाण्यातील मृदुकाय प्राण्यांवरचे इंग्रजी हस्तपुस्तक (भारतीय प्राणी सर्वेक्षण, १९८९). त्याआधी प्रेस्टन यांच्या १९१५ सालच्या ग्रंथावर भिस्त होती. सारे एका खंडात, ओळखीच्या किल्लीसह मिळाले, ही सोय लहान नव्हे.

प्रजातीपर्यंत पुस्तक आपल्याला बिनचूक नेते. शिंपला उघडा आणि बिजागरी पाहा. पात्यासारखे लांब, पातळ दात असले तर तो लॅमेलिडेन्स. नावाचा अर्थच तो. जाड दात, आखूड फुगीर कवच आणि शिखराजवळ नागमोडी कंगोरे, तर पॅरेसिया. मात्र जुन्या शिंपल्याचे शिखर झिजलेले असते आणि नेमकी तीच खूण नाहीशी होते. म्हणून कोवळा नमुनाही शोधावा.

खरी अडचण जात ठरवताना येते. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस की कोरिअ‍ॅनस? येथे निवाडा कवचाच्या लांबी-उंचीवर आणि कडेच्या वळणावर होतो. पण एकाच जातीचा शिंपला वाहत्या पाण्यात एका घडणीचा, तर तळ्याच्या गाळात दुसऱ्या घडणीचा होऊ शकतो! कवचावर इतका भरवसा ठेवणे ही या पुस्तकाची मर्यादा. अलीकडच्या डीएनए अभ्यासांनी ती अधिकच उघड केली आहे.

विस्ताराच्या नोंदींबाबत माझी तक्रार अधिक आहे. मार्जिनॅलिस भारतभर आढळतो, हे वाचून विद्यार्थ्याच्या हाती काय लागते? शिंपल्याची अळी काही काळ माशाच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून परजीवी म्हणून वाढते. ती कोठवर पोचणार, हे बव्हंशी मासा ठरवतो. योग्य मासे नाहीसे झाले, तरी जुने शिंपले बरीच वर्षे गाळात जिवंत राहतात; पिल्ले मात्र दिसत नाहीत. आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याचे नाव लावणारी पॅरेसिया खडकवासलाएन्सिस ही जात रे यांनी १९६६ साली वर्णिली. तिच्याबाबतही हाच प्रश्न विचारायला हवा : तेथे आज पिल्ले सापडतात का?

शिवाय रिकामे कवच पुराबरोबर दूर वाहून जाते. तेव्हा नोंदवहीत ‘जिवंत’, ‘रिकामे’ आणि ‘पिल्लू’ असे तीन रकाने आखावेत, तळ वाळूचा की गाळाचा तेही लिहावे आणि जिवंत शिंपला पाहून झाला की होता तेथेच ठेवावा.