पट्टी कोणाची? मराठी ख्रिस्ती उपासनेतील पुरुषस्वर

ख्रिस्ती उपासनेतील पुरुषस्वराच्या सामर्थ्याची चर्चा बहुधा आवाजाच्या भारदस्तपणापाशी थांबते. प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन असे की, हे सामर्थ्य कंठाचे कमी आणि आरंभ करण्याच्या अधिकाराचे अधिक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या भजनपरंपरेच्या आधारे ते तपासता येते.

नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेत टिळकांच्या हाती नवा करार आला आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी अभंग, ओवी व भजन ही देशी रूपे मराठी उपासनेत रुजवली. या परिवर्तनाचे मोल वादातीत आहे. मात्र त्याची एक बाजू दुर्लक्षित राहिली आहे. पाश्चात्त्य चतुःस्वरी गीतात मुख्य चाल सामान्यतः स्त्रियांच्या उंच स्वराकडे असते व पुरुषस्वर तिला खालून आधार देतात. भजनात सर्वांची चाल एकच, आणि पट्टी पुढे म्हणणाऱ्याची. पुरुष साधारणतः काळी एक-दोनमध्ये गातो, तर स्त्रीला काळी चार-पाच सोयीची. म्हणजे पुढारी पुरुष असला की स्त्रियांनी एक तर खर्जात दबून गावे किंवा तारसप्तकात ताणून. स्त्रियाही गातातच, असा आक्षेप येईल. त्या गातात हे खरे. परंतु दुसऱ्याने ठरवलेल्या सुरात.

याच संदर्भात एक विसंगती लक्षणीय ठरते. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले. संतपरंपरेतून आलेल्या या संबोधनाने ईश्वराला स्त्रीरूप लाभले, पण उपासनेचे पुढारीपण त्यामुळे स्त्रीकडे आले नाही. वास्तविक टिळकांच्या ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध महाकाव्याचे बहुतांश अध्याय त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी रचले. शब्द स्त्रीचे आणि उच्चाराचा अधिकार पुरुषाचा, अशी ही विभागणी आहे.

तिच्या समर्थनार्थ करिंथकरांस पहिल्या पत्रातील चौदाव्या अध्यायाचा दाखला दिला जातो. त्यात स्त्रियांना मंडळीत मौन सांगितले आहे. त्याच पत्राचा अकरावा अध्याय मात्र प्रार्थना करणारी व संदेश देणारी स्त्री गृहीत धरतो. अर्थात मौन हा सर्वकालीन नियम ठरत नाही. रोमन कॅथलिक चर्चमध्ये दहावे पायस यांनी १९०३ मध्ये स्त्रियांना उपासनेच्या गायकवृंदाबाहेर ठेवले होते. तो निर्बंध पुढे शिथिल झाला, आणि २०२१ मध्ये वाचकाची सेवाही स्त्रियांना अधिकृतपणे खुली झाली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. संस्थांचे ऐक्य ठरावाने साधते. स्वरांचे ऐक्य साधण्यासाठी मात्र पट्टी बदलावी लागते. दर रविवारी एखादे भजन स्त्रीने तिच्या पट्टीत उचलावे व पुरुषांनी तिच्यामागे म्हणावे, हा उपाय साधा आहे. दुसऱ्याच्या सुरात गाणे म्हणजे काय, हे पुरुषांना त्यातूनच उमगेल.