केहिमकरांचे पुस्तक आणि आपल्यावरचा ठपका

बाहेरच्या कोणी नाव ठेवले की आपण आधी चिडतो, मग गप्प बसतो आणि शेवटी मुलांना सांगतो, "जाऊ दे, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?" आम्हीही आजवर असेच म्हणत आलो. परंतु हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी इंग्रजीत लिहिलेला बेने इस्राएलांचा इतिहास नुकताच पुन्हा वाचला, आणि ठपक्याला उत्तर कसे द्यावे व कसे देऊ नये, या दोन्ही गोष्टी त्यात सापडल्या.

केहिमकरांनी हे पुस्तक १८९७ साली लिहून पुरे केले. छापले गेले ते १९३७ साली तेल अवीवमध्ये, डॉ. इमॅन्युएल ओल्सवांगर यांच्या खटपटीमुळे. तोवर लेखक हयात नव्हते. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ते कपाटात असेल. वाचणारे मात्र थोडे.

ते लिहिण्यामागे एक सल होता. मुंबईत आलेली बगदादी मंडळी सुरुवातीला आपल्याबरोबर प्रार्थनेला बसत. पुढे त्यांना आपल्या यहुदीपणाची शंका येऊ लागली. १८३६ सालीच त्यांच्यापैकी काहींनी कबरस्तानात दोन समाजांच्या कबरींमध्ये भिंत घालावी म्हणून सरकारकडे अर्ज केला होता. मेलेल्या माणसांमध्येही भिंत! हे ऐकून कोणाचेही रक्त तापेल.

केहिमकरांचा मोठेपणा असा की ते शिव्याशाप देत बसत नाहीत. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, त्यातून वाचलेले सात पुरुष व सात बायका, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, शेमा, सुंता, नव्याचा सण, दारफाळणीचा सण, हे सारे ते गावोगावच्या चालीरीतींसह मांडतात. आपल्या पूर्वजांना हनुक्का ठाऊक नव्हता, हे दुसऱ्या कोणी उणे म्हणून दाखवले असते. केहिमकर तोच पुरावा करतात: ज्या घटनेवरून तो सण सुरू झाला, तिच्या आधीच आपले लोक देश सोडून निघाले होते. हे अनुमान सर्वांना पटेलच असे नाही. पण उणिवेकडे न लाजता पाहण्याची ही रीत आम्हाला फार आवडली.

आता दोष. केहिमकर ठपका नाकारतात, पण ठपका ठेवणाऱ्याचे माप स्वीकारतात. रक्त शुद्ध की अशुद्ध, हाच प्रश्न तेही धरून बसतात. म्हणून गोरा इस्राएल व काळा इस्राएल हा भेद ते प्रामाणिकपणे नोंदवतात. बेटीव्यवहार नव्हता, रोटीव्यवहारही नव्हता, हे सांगतात. मात्र ज्यांना 'काळे' म्हटले गेले, त्यांना काय वाटत असेल, हे त्यांच्या तोंडून ऐकू येत नाही. बगदाद्यांनी आपल्याशी जे केले, तेच आपण आपल्याच घरात करीत होतो. पुस्तकातली ही पाने वाचताना आम्हाला मान खाली घालावी लागली.

पुढची गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांना पाठ आहे. १९६२ साली मुख्य रब्बानूतने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आई-आजीच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे नियम काढले. तेव्हा समाजाने वंशावळी घेऊन दारोदार जाण्याऐवजी १९६४ च्या उन्हाळ्यात येरुशलाईमला धरणे धरले. इतरांना जे विचारीत नाही ते आम्हाला का विचारता, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपण सर्व बाबतीत यहुदी आहोत असे जाहीर केले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बानूतने नियमांतून आपल्या समाजाचे नाव काढले. केहिमकरांच्या पुस्तकाने आपल्याला इतिहास दिला. मापच नाकारण्याचे धैर्य त्या रस्त्यावर बसलेल्या माणसांनी दिले.

२०१६ साली आपल्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यात यहुदी पूर्वजही आहेत आणि भारतीय पूर्वजही, असे त्यात दिसून आले. केहिमकरांना यातले पहिले वाचून आनंद झाला असता, दुसरे कदाचित बोचले असते. आम्हाला दोहोंची लाज वाटत नाही. कोकणातल्या ज्या आजीने शब्बाथचा दिवा लावला, ती आमची आजीच.

म्हणून वाचकहो, हे पुस्तक जरूर वाचा, मुलानातवंडांना त्यातल्या गोष्टी मराठीत सांगा. कोणी ठपका ठेवला तर आधी तो खरा की खोटा ते पाहावे. खरा असेल तर सुधारावे, खोटा असेल तर न चिडता पण ठामपणे उत्तर द्यावे. आणि आज आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या सोयरिकीची बोलणी करताना "त्यांचे मूळ काय?" असा प्रश्न ओठांवर आला, तर कबरस्तानातली ती भिंत आठवावी.