रोहिणीचे पाणी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (मूळ इंग्रजी, १९५७) या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्या सेवकांत मारामारी होते. सिद्धार्थ युद्धास विरोध करून देशत्याग पत्करतो. या प्रसंगाची चर्चा बहुधा येथेच थांबते. आमच्या मते त्याचे मर्म पुढे आहे. सिद्धार्थ निघून गेल्यावर शाक्य स्त्री-पुरुष युद्धाविरुद्ध मिरवणुका काढतात व पाण्याच्या तंट्यासाठी लवाद ठरतो. नेता परतत नाही; तंटा माणसेच मिटवितात.

विटे परिसरात हे पान केवळ श्रद्धेने वाचणे पुरेसे नाही. १९८० च्या दशकात याच खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीतील दुष्काळग्रस्तांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभारले. नदीतील वाळू विकून निधी जमविला आणि भूमिहीनांचाही पाण्यावरील हक्क मान्य केला. हा काही बौद्ध उपक्रम नव्हता; तथापि ग्रंथातील एक उणीव तो आम्हांस दाखवून देतो. रोहिणीकाठी प्रथम जखमी झाले ते सेवक. समेटात मात्र त्यांच्या वाट्याचा उल्लेख नाही.

तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, असे आपण नित्य म्हणतो. तो वाटा ठरविण्याचे काम मग आपलेच उरते.